हॉलची बोली

९ नोव्हेंबर

मायना घालत नाही. ‘चिरंजीव’ लिहिलं तर तुला वाटेल आई मऊ पडली, आणि नुसतं नाव लिहिलं तर नोटीस आल्यासारखं वाटेल. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तुझ्या खोलीतल्या सामानाचं काय करायचं ते कळव. कंपनीने क्वार्टर्स रिकामी करायला मार्चअखेरची मुदत दिली आहे. पलंग, शिवणयंत्र आणि पुस्तकांची पेटी एवढं आहे. विकायचं म्हणालीस तर विकलं जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. बेटावर सध्या जो तो विकतोय, घेणारा कुणीच नाही. गल्लीत कपाटं, पाळणे, सायकली मांडून ठेवल्यात, आणि विकणारेच एकमेकांच्या वस्तूंचे भाव विचारत फिरतात. वेळ जातो तेवढाच.

फोन लागत नाही म्हणून पत्र. टॉवरला वीज कारखान्याची होती. पाण्याच्या पंपालाही त्याचीच. पंप आता सकाळी थोडा वेळ डिझेलवर चालवतात. त्यात ज्याच्या बादल्या भरल्या त्याच्या भरल्या. मासे डब्यात भरायचा एक कारखाना बंद झाला तर किती गोष्टी बंद पडाव्यात! भोंगा वाजत नाही, त्यामुळे लोक जेवायलासुद्धा उशिरा बसतात.

बाबा ठीक आहेत. कान होते तसेच आहेत, म्हणजे नाहीतच. कानातलं यंत्र त्यांनी कायमचं ड्रॉवरमध्ये टाकलंय; म्हणतात, त्यात शिट्ट्याच जास्त वाजतात. आम्ही पाटीवर काम भागवतो. मी लिहिते, ते वाचतात.

आता दुसरी गोष्ट. ती टाळून पुढे गेले तर हे पत्र लिहायला अर्थ नाही. कारखान्याच्या गेटवर तू माझ्याकडे पाठ केलीस. तुमच्या मशीनच्या हॉलमध्ये, जिथे धडधडाटामुळे सगळे हातांनीच बोलतात, ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे पाठ करतात हे मला माहीत होतं. तुमच्या हातांच्या बोलीतलं तेवढंच मला येत होतं, कारण तेवढंच मला उद्देशून कुणी कधी बोललं. तुम्ही गेटवर धरणं धरून बसला होता आणि मी रोज तुमच्यामधून वाट काढत प्रयोगशाळेत जात होते, हे खरं आहे. आत गोदामात माल होता. तो न तपासता बाहेर गेला असता तर पलीकडे कुणाचं तरी पोर दगावलं असतं. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते.

तू बोटीने गेलीस त्या दिवशी मी धक्क्यावर आले होते, हे तू पाहिलंस. बाबा पुढे, मी त्यांच्या मागे. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही उपयोग नव्हता, तुम्हाला ओरडायची गरजही नव्हती. तुमचे हात चालूच होते. बोट वळली तशी तू दोन बोटं भुवयांच्या मध्ये टेकवलीस. बोट लागली असेल, डोकं दुखत असेल, म्हटलं. मग छातीवर मूठ ठेवलीस, हात उघडून पुढे केलास. लोक बघत होते. मी मान हलवली. निरोप घ्यायची माझी तेवढीच पद्धत आहे.

सामानाचं कळव.

२ डिसेंबर

उत्तर नाही. सामान आहे तसं आहे.

मोजे मिळाले. बोटवाल्या काकांनी बाबांच्या हातात दिले, बाबांनी तिथेच धक्क्यावर बसून पायात घातले. माझ्यासाठी काही नव्हतं, अपेक्षाही नव्हती. काका म्हणाले, तू पार्सलच्या गोदामात उभ्याने काम करतेस. कमरेला पट्टा बांधत जा.

इथे शेवटच्या पगारातला काही भाग कंपनीने डब्यांच्या रूपात दिला. लेबल न लागलेले, पोचे आलेले, कोपऱ्यात राहून गेलेले. काय निघेल ते उघडल्यावर कळतं. लोक थट्टा करतात, म्हणतात, इतकी वर्षं आपण दुसऱ्यांसाठी भरले, आता नशीब उघडून बघू. थट्टा पहिल्या आठवड्यात जास्त होती.

डबे तपासून घ्यायला सगळे माझ्या ओट्यावर येतात. सळईने झाकणावर टिचकी मारायची; चांगला डबा टणकन वाजतो, हवा शिरलेला भद्द आवाज करतो. बाबा शेजारी बसतात आणि तळहाताने तेच ओळखतात. मी कानाने, ते हाताने. अजून एकदाही आमचा मतभेद झालेला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं एकमत पहिल्यांदाच.

परवा गोदामातली ती जुळ्यांची आई एक डबा घेऊन आली. दोन्ही बाजूंनी फुगलेला. वाजवायचीसुद्धा गरज नव्हती.

“जरासाच फुगलाय हो बाई,” ती म्हणाली. “चांगला उकळून घेते की.”

“किती वेळ उकळशील? जाळायला आहे का तुझ्याकडे तेवढं?”

सगळ्यांनी माशांचे खोके फोडून जाळायला सुरुवात केलीय, तिचे तर संपलेही. मी डब्याला भोक पाडलं, फुस्स करून हवा निघाली, वास सुटला. समुद्रात ओतून दिला. तिच्या डोळ्यांदेखत.

“घरात लहान पोरं नाहीत ना तुमच्या,” ती म्हणाली, “म्हणून हात धजावतो.”

आमच्या वाटणीतला एक चांगला डबा तिला दिला. तिने घेतला, आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. फुगलेला डबा मी उद्याही ओतीन.

दर बोटीला दोन-तीन कुटुंबं जातात. बाबा प्रत्येक बोटीला धक्क्यावर असतात. हॉलमधला जो कुणी जातो त्याच्याशी बोट दिसेनाशी होईपर्यंत हातांनी बोलतात. मग घरी येतात आणि खुर्चीत बसतात. तोंडाने बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलंय. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की बोललेलं खरं वाटत नाही, असं एकदा म्हणाले होते. पाटीवर मी लिहिते: ‘जेवण’, ‘औषध’, ‘दार लाव’. ते वाचतात, बाहीने पुसतात. परवा त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि काही न लिहिता परत दिला.

तुम्ही दोघं जेवताना हातवारे करून हसायचात आणि मी म्हणायचे, ताटावर हात नाचवू नका. त्या वेळी तुम्ही काय बोलत होतात, एवढं मला कधीतरी ऐकायला आवडेल. घाई नाही.

२१ डिसेंबर

तुझा निरोप मिळाला. काकांनी मला धक्क्यावर बाजूला घेतलं आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाले, “तुमच्या लेकीने सांगितलंय, ‘तिला म्हणावं, तू मान हलवली होतीस.’ बस, एवढंच.”

“कसली मान?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मी बोट चालवतो.”

“आणखी काही म्हणाली?”

“म्हणाली, इकडे आलेली माणसं सांगतात की बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात. कुणाशी बोलत नाहीत. मग हे म्हणाली आणि पार्सलं उचलायला निघून गेली. रागात होती, बाई. तुम्हा दोघींचा राग अगदी एका साच्यातला.”

मी बराच विचार केला. मान हलवली होती, कबूल. निरोपाची मान होती ती. त्याच्यावरून राग धरण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. मी हात हलवून रडायला हवं होतं का? तसं मला येत नाही, आणि ते तुला जन्मापासून माहीत आहे. काय म्हणायचं असेल ते स्पष्ट लिही. माझ्याशी कोड्यात बोलू नकोस.

बेकरी बंद झाली. शाळेत दोन खोल्यांची मिळून एक झाली, पुढच्या महिन्यात तीही उघडेल असं वाटत नाही. डॉक्टरांनी दवाखान्याचा तराजू आणि बाकडी कुणाला हवी असतील तर घेऊन जा असं सांगितलंय. दवाखाना कंपनीचा होता, पगारही कंपनीचा; त्यांना तरी दोष कसा द्यायचा? जाताना प्रत्येक घरी जाऊन गोळ्या वाटल्या, एवढं त्यांनी केलं.

बॉयलरवालेही परवाच्या बोटीने गेले. बाबांचे शेवटचे दोस्त. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मी पाटीवर लिहिलं, ‘का?’ त्यांनी पुसून टाकलं.

१४ जानेवारी

आज लांब पत्र लिहितेय. सवडीने वाच. पण वाच.

बॉयलरवाले गेल्यानंतर आठवडाभर बाबांनी एकही शब्द कुठल्याच पद्धतीने काढला नाही. तोंडाने नाही, पाटीवर नाही. हात मांडीवर नुसते पडलेले असायचे. ते हात मी इतकी वर्षं चालताना पाहिलेत, त्यांच्याकडे बघवेना. तेव्हा मी मुकादम मावशींकडे गेले. हॉलमधल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्यात. आयुष्यभर त्यांनी पॅकिंगची अख्खी रांग नुसत्या बोटांवर चालवली.

“मला तुमची बोली शिकवा,” मी म्हटलं.

त्या खोके फोडत होत्या. हातातली कोयती खाली ठेवली. “बाई, कारखाना धडधडत होता तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेच्या काचेआड बसून होतात. तिथे बरं, आवाज येत नव्हता. आता सगळं शांत झालं, पानाचासुद्धा आवाज येतो, आणि आता शिकणार? कुणाशी बोलणार आहात?”

“एका माणसाशी.”

त्यांनी मला आत नेलं, समोर स्टुलावर बसवलं.

माझी बोटं ताठ आहेत. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “असं नाही, असं. तुम्ही तर कुणाला दम देताय.” ‘चहा’ शिकायला मला सकाळ गेली. ‘झाकणं संपली’, ‘पट्टा सावकाश’, ‘साहेब आला’, ‘दमले’, ‘तुझं काय ते खरं’. शेवटचं त्या इतक्या वेळा माझ्यावर वापरायच्या की ते सगळ्यात आधी पाठ झालं. मग नावं. तुमच्या बोलीत प्रत्येकाचं नाव असतं हे मला माहीत नव्हतं. मॅनेजर म्हणजे पोटावरून हात फिरवायचा. डॉक्टर म्हणजे मनगटावरचं घड्याळ बघायचं. बॉयलरवाले म्हणजे फुगवलेले गाल. बाबा म्हणजे तळहातावर झाकण फिरवल्यासारखं करायचं; साहजिक आहे, झाकणाच्या मशीनवर त्यांचा जन्म गेला. तू म्हणजे कानाची पाळी ओढायची. लहानपणी हॉलच्या दारात आवाजाने कान धरून उभी राहायचीस म्हणून.

“आणि मी?” मी विचारलं.

मावशी हसायला लागल्या. “जाऊ द्या ना.”

“सांगा. मला राग येत नाही.”

“अहो, रागावरूनच तर नाव पडलंय!” आणि त्यांनी दोन बोटं भुवयांच्या मध्ये टेकवली. “आठी. तुम्ही काचेतून आमच्याकडे बघायचात ना, तेव्हा इथे एक आठी पडायची. सगळ्या बेटावर तुमचं नाव हेच. तुमच्या नवऱ्याने ठेवलेलं.”

मी क्षणभर हसले असेन. मग मला बोट आठवली.

तुला बोट लागली नव्हती. तुझं डोकं दुखत नव्हतं. तू मला हाक मारत होतीस.

मी मावशींना सांगितलं: यानंतर छातीवर मूठ, मग हात उघडून समोरच्याकडे. हे काय? त्या म्हणाल्या, हे तर रोजचं. मशीनवरून कुणाला हलायचं असलं की ती समोरचीला म्हणायची, ‘माझ्या जागी उभी राहा.’ समोरचीने मान हलवली की कबूल. पण नुसती मान हलवून भागत नाही. तिने येऊन पहिलीच्या पाठीवर हात ठेवायचा. हात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही, कारण मागे वळून बघायला सवड नसते आणि चालतं मशीन क्षणभरही एकटं ठेवता येत नाही. एकीने घाईत नुसत्या मानेवर विश्वास ठेवून, हात मशीनमध्ये असतानाच मान वळवली, तिची बोटं गेली. तेव्हापासूनचा नियम.

मी मावशींचे आभार मानले आणि घरी आले.

म्हणजे तू म्हणालीस, “आठी, माझ्या जागी उभी राहा.” बाबांशी बोलणारं घरात तू सोडून कुणी नव्हतं, ती जागा. आणि मी सगळ्यांदेखत मान हलवली.

आता तुझा निरोप कळला. तू निर्धास्त होऊन गेलीस. आणि पलीकडे येणारा प्रत्येक माणूस तुला सांगत राहिला की तिकडे कुणीच उभं नाही.

मला समजलं नव्हतं. ही सबब नाही, घडलं ते सांगतेय. कबूल केलंय तर करणारच. एवढंच लिहायचं होतं.

३० जानेवारी

सुरुवात केली.

चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. तळहातावर झाकण फिरवलं. मग ‘चहा’. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलं. पुन्हा केलं. मग त्यांनी हळूच दोन बोटं उचलून माझ्या भुवयांच्या मध्ये टेकवली. स्वतःच्या नाही, माझ्या.

आणि मग त्यांचे हात जे सुटले! इतके महिने साठलेलं सगळं एकदम. मला त्यातलं काहीही कळेना. मी ‘पट्टा सावकाश, पट्टा सावकाश’ करत राहिले. ते हसले. आवाज काढून हसले गं. मावशी शेजारून धावत आल्या, म्हणाल्या, काय झालं, कोण हसलं?

आता रोज चालतं. माझ्या चुका त्यांना फार आवडतात. काल मी ‘साहेब आला’ म्हणायला गेले आणि म्हणून बसले, ‘साहेब शिजला’. ते दिवसभर शेजारपाजारच्या रिकाम्या घरांकडे बोट दाखवून मला विचारत होते, साहेब शिजला का? चव कशी आहे?

हॉलच्या बोलीत सगळे शब्द कामाचे. घरातल्या गोष्टींना शब्दच नाहीत. तेव्हा आहे त्यातच भागवावं लागतं. ‘तुला तिची आठवण येते का’ हे कसं विचारायचं ते मला येईना. मी कानाची पाळी ओढली आणि ‘झाकणं संपली’ म्हटलं. त्यांना कळलं. ‘कधीची,’ म्हणाले.

एकदा मी विचारलं, इतके महिने मला का नाही सांगितलं, ती काय म्हणाली ते? ते म्हणाले, तू मान हलवलीस. मला वाटलं, येशील. वाट बघत होतो.

रागाने नाही म्हणाले. बोट उशिरा येईल म्हणावं तसं म्हणाले.

जेवताना तुम्ही काय हसायचात तेही विचारून घेतलं. तू माझी डबे वाजवायची नक्कल करायचीस म्हणे, वरणाच्या वाटीवर, भुवया चढवून. चांगली करायचीस असं ते म्हणतात. मला करून दाखवली. मी म्हटलं, ताटावर हात नाचवू नका. हातांनीच म्हटलं.

त्यांना जरा खोकला आहे. काळजी करण्यासारखं नाही.

१९ फेब्रुवारी

बाबा गेले.

मागच्या पत्रात खोकला म्हटलं, ते खरं नव्हतं. ताप होता आणि छाती भरली होती. डॉक्टरांनी ठेवलेल्या गोळ्या संपल्या होत्या. बोट आता आठवड्यातून एकदाच येते, आणि त्या आठवड्यात वारा असा होता की आलीच नाही. पलीकडचा किनारा स्वच्छ दिसत होता. दवाखान्याची पांढरी इमारतसुद्धा दिसते म्हणतात, नजर चांगली असेल तर. मावशी धक्क्यावर चादर हलवत उभ्या राहिल्या. तिकडून कुणी पाहिली असती तरी बोट निघाली नसती.

तुला कळवायची काही सोय नव्हती. असती तर कळवलं असतं. हे तू मानशील असं धरून चालते.

दुपार होती. त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं, आडवं होता येत नव्हतं. श्वास घेणं हेच काम झालं होतं, तरी हात चालवत होते. मला म्हणाले, मोजे. मी बघितलं, घातलेले होते. घातलेत, म्हटलं. म्हणाले, माहीत आहे. तिला सांग.

मग थोड्या वेळाने ‘दमलो’ म्हणाले. मग माझं नाव. मग छातीवर मूठ. हात पूर्ण उघडता आला नाही. पण मला कळलं. कुठली जागा म्हणाले ते मी विचारलं नाही. तुमच्या बोलीत ते विचारायचं नसतं. जो जातो त्याची जागा समोर दिसत असते.

मी मान हलवली. आणि या वेळी उठले, त्यांच्यामागे गेले, पाठीवर हात ठेवला. नीट, सगळी बोटं टेकवून. हात पडला हे त्यांना कळलं. पाठीला कळतं, मी माझ्या तळहाताखाली पाहिलंय. मग त्यांनी जागा सोडली.

न्यायला माणसं पुरली नाहीत. म्हाताऱ्यांपैकी चौघे होते, त्यांतल्या एकाचा खांदा गेलेला. तेव्हा एका बाजूने मावशींनी आणि मी हात लावला. टेकडीवरच्या स्मशानात जुळ्यांची आई आली होती. परत येताना माझ्या ओट्यावर फोडलेल्या खोक्याच्या फळ्यांचा एक भारा ठेवून गेली. तिच्याकडे स्वतःला नाहीत हे मला माहीत आहे.

पत्र बोट येईल तेव्हा निघेल. तू हे वाचशील तेव्हा त्याला बरेच दिवस झालेले असतील. बाबांचे मोजे धुऊन ठेवलेत.

२८ मार्च

हे पत्र आणि मी एकाच बोटीने येतोय. काकांना सांगितलंय, धक्क्याला लागल्यावर आधी हे तुझ्या हातात द्यायचं. दोर बांधून फळी टाकेपर्यंत तुझं वाचून होईल. म्हणून थोडक्यात लिहिते.

ही शेवटची बोट. क्वार्टर्सची कुलपं कंपनीच्या माणसाकडे दिली. तोही बिचारा रोजंदारीचा. प्रत्येक कुलूप घेताना “माफ करा हां” म्हणत होता. शिवणयंत्र जुळ्यांची आई आधीच्या बोटीने घेऊन गेली. तुला विचारायला हवं होतं. विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. पुस्तकांची पेटी माझ्याबरोबर आहे. पलंग राहिला.

कारखान्याच्या हॉलमध्ये काल मावशींबरोबर जाऊन आले. मशीनं उचलून नेलीत, जमिनीवर नुसते बोल्ट उभे आहेत. आत इतकं शांत आहे की आपल्याच चपलांचा आवाज नको वाटतो. बाबांच्या जागेवर लादी दोन पायांच्या आकाराची झिजली आहे. मी तिथे उभी राहिले. तिथून वर माझ्या प्रयोगशाळेची काच सरळ दिसते. मी त्या काचेतून सगळा हॉल बघत असे. त्या काचेमागे उभी असलेली मी खालून कशी दिसत असेन ते मला पहिल्यांदा कळलं. मावशी लांब कोपऱ्यातून हातांनी म्हणाल्या, काय बघताय? मी म्हटलं, साहेब. त्या म्हणाल्या, कुठाय? मी म्हटलं, शिजला.

मी तुझ्याकडे राहायला येत नाही. मावशींना आणि मला तिकडच्या बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली आहे. मावशींना ऐकू चांगलं येतं, पण आम्ही हातांनीच बोलायचं ठरवलंय. नाहीतर बोलणारं कुणी उरणार नाही.

काका म्हणाले, आधीचं पत्र तू दोरांच्या वेटोळ्यावर बसून वाचलंस. फक्त विचारलंस, शेवटची बोट कधी आहे. त्याचा अर्थ मी लावणार नाही. अर्थ लावण्यात माझा हात किती चांगला आहे ते आपण पाहिलं.

तू धक्क्यावर नसलीस तर काका हे पत्र परत माझ्याच हातात देतील, मग काही प्रश्न नाही. असलीस तर मी कठड्याशी उभी असेन. ओरडणार नाही. आधी कानाची पाळी ओढीन, म्हणजे तुझं नाव. पुढचं बोटांवर बसवून ठेवलंय, मावशींनी तपासून दिलंय. मला जे म्हणायचंय त्याला हॉलच्या बोलीत शब्द नाही, तेव्हा जवळचे दोन शब्द घेतलेत. तुला कळेल.

आणि तुला माझ्याकडे पाठ करायची असेल तर कर. मी फळीवरून उतरून चालत येईन. पाठीवर काय करायचं असतं ते मला आता येतं.